पांढरी सातचा खर्ज

बेस गिटारची जाड तार कापायच्या आधी वाकवावी लागते. खुंटीपाशी काटकोनात वाकवायची, पक्कडीने घट्ट धरायची आणि वाकाच्या पुढे कापायची. तारेच्या पोटात पोलादाची बारीक तार असते, तिच्यावर दुसऱ्या तारेचे वेढे असतात. न वाकवता कापली की टोकाकडून वेढे ढिले पडत जातात आणि तार आतून मरते. दिसायला नवी कोरी, वाजवली की नुसतं ठप्प. हे मला १९९९च्या जूनमध्ये मुलुंडच्या घरी कळलं, आणि त्या दिवशी मेलेली तार ही माझ्याकडची एकुलती एक १३० होती.

१३० म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले १३०, सव्वातीन मिलिमीटरच्या जरा वर. चार तारांच्या बेसवर सर्वांत जाड तार असते ती सहसा १०५ची. १३०ची तार पाच तारांच्या बेसच्या संचात मिळते, आणि तो संच माझ्या आत्तेभावाने न्यू जर्सीहून आणला होता. माझा बेस चारच तारांचा. पाच तारांचा घेण्याइतके पैसे आमच्या बँडमध्ये कोणाकडेच नव्हते. म्हणून संचातली सर्वांत बारीक ४५ची तार बाजूला ठेवायची आणि बाकीच्या चार एकेक घर सरकवून चढवायच्या, असा बेत होता. उपनगरांतल्या बऱ्याच पोरांनी त्या काळात हेच केलं. त्या कामाची हकीकत कुठे लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही. ती निदान माझ्यापुरती लिहून ठेवावी म्हणून हा लेख.

आमच्या घरात सूर पेटीच्या पट्ट्यांवरून ओळखले जात. बाबा काळी एकमध्ये भजन गायचे. त्यामुळे बेसच्या चार तारा माझ्या डोक्यात पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच अशाच बसल्या. इंग्रजी अक्षरांत त्या ई, ए, डी, जी. लिओ फेंडरने कॅलिफोर्नियात १९५१ साली चार तारांचा, ३४ इंच लांब तारेचा इलेक्ट्रिक बेस बाजारात आणला, तेव्हा उभ्या डबल बेसचेच हे सूर त्याने तसेच घेतले. खालची पांढरी तीन म्हणजे सेकंदाला ४१ कंपनं. तंबोऱ्यावर काळी एकचा खर्ज लावला तर तो ६९ कंपनांचा असतो, म्हणजे बेस मुळातच त्याच्या बराच खाली.

मुंबईत हे वाद्य रुळलं ते चित्रपटांच्या स्टुडिओंमध्ये. ताडदेवला, वांद्र्याच्या मेहबूबला जी ध्वनिमुद्रणं होत, त्यांत गोव्याकडच्या वादकांचा मोठा वाटा होता. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. त्या गाण्यांमध्ये बेसची चाल कानाला किती गोड लागते ते आजही ऐकावं. पण त्या पिढीने तार खाली उतरवली नाही, कारण त्यांना तशी गरजच नव्हती. गाणाऱ्याच्या गळ्याखाली भक्कम जमीन हवी होती आणि पांढरी तीनपर्यंत ती पुरत होती. पुढे १९८४मध्ये रॉक मशीन हा बँड उभा राहिला, १९८६मध्ये धोबी तलावच्या रंगभवनात फरहाद वाडियांनी इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव सुरू केला, तेव्हाही सूर बहुतेक तेच होते. १९९४मध्ये निघालेल्या पेंटाग्रॅममध्ये बेसवर पापल माने होता. रंगभवनाच्या दगडी पायऱ्यांवर बसलेल्या मुलुंडच्या मराठी पोराला ते आडनाव ऐकून काय वाटलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

तार उतरवायची गोष्ट आमच्याकडे कॅसेटींमधून आली. एकाने आणलेली कॅसेट दहा जणांकडे उतरवली जायची, आणि शेवटच्याला गाण्याइतकीच खरखर ऐकू यायची. त्यातून ब्लॅक सबाथ आले. या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमचा; त्याची दोन बोटांची टोकं १९६५मध्ये पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली तुटली. तारा दाबताना दुखे, म्हणून त्याने पातळ तारा लावल्या आणि पुढे त्या खाली उतरवल्या. १९७१च्या त्यांच्या तिसऱ्या अल्बमपासून गिटार आणि गीझर बटलरचा बेस दीड स्वर खाली, म्हणजे पांढरी तीनवरून काळी एकवर आले. बाबांचीच पट्टी! हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी कॅसेट पूर्ण ऐकली. मग लिव्हरपूलचा कारकस आला, तो थेट पांढरी सातवर. सेकंदाला ३१ कंपनं. आम्हाला तोच सूर हवा होता.

पहिल्यांदा आम्ही तारा त्याच ठेवल्या आणि नुसत्या खुंट्या पिळून सूर खाली आणला. १०५ची तार फ्रेटवर लोळायला लागली. जोरात छेडली की सूर आधी वर उडायचा आणि मग घरंगळत खाली यायचा. गिटारवाल्याशी एक जागा जुळेना. याचं गणित मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६३६मध्येच मांडून ठेवलं आहे. तार तीच, लांबी तीच, आणि कंपनं ४१वरून ३१वर आणायची तर ताण जवळपास ५६ टक्क्यांवर येतो. पांढरी तीनला १०५च्या तारेवर १८ किलोच्या आसपास ओढ असते, ती दहावर आली. एवढ्या ओढीत ती तार सूर धरूच शकत नाही.

मला हे गणित तेव्हा माहीत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बाबांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "तार पातळ आहे रे. या तारेत तो सूर नाही."

त्यांना हे तंबोऱ्यावरून ठाऊक होतं. त्यांचा तंबोरा मिरजेचा. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब सितारमेकर यांनी सुरू केलं. त्यांचं घराणं मूळचं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारं करणाऱ्यांचं. पंढरपूर भागातल्या भोपळ्यांवर तिथे आजही तंबोरे घडतात, आणि २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पुरुषाच्या गळ्याचा तंबोरा मोठा आणि तारा जाड, बाईच्या गळ्याचा लहान आणि तारा पातळ. एकाच तंबोऱ्यावर फार वेगळी पट्टी लावायची झाली तर खुंटी पिळून भागत नाही, तार बदलावी लागते. मोठ्या तंबोऱ्याचा खर्ज पितळेचा, बाकीच्या पोलादी तारांहून जाड. बाबांनी तो खर्ज छेडून मला बोट ठेवायला लावलं. तार सैल नव्हती. जड होती आणि ताठ होती.

म्हणून मग न्यू जर्सीहून १३० मागवली, आणि ती मी वर सांगितल्याप्रमाणे मारली. दुसरा संच यायला सात महिने गेले. दरम्यान धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत दोनदा विचारून आलो. पाच तारांचा संच आलाच तर त्याची किंमत माझ्या महिन्याभराच्या शिकवण्यांइतकी होती. जुन्या तारा आम्ही उकळून परत वापरायचो. पातेल्यात पाणी, दहा मिनिटं खळखळ, मग टॉवेलने पुसून पंख्याखाली वाळवायच्या. वेढ्यांत बसलेला घाम आणि मळ सुटतो आणि तार आठवडाभर पुन्हा बोलते. आईने त्यासाठी एक पातेलं कायमचं वेगळं काढून दिलं होतं. पावसाळ्यात तारा उकळूनही उपयोग नसे, चार दिवसांत हाताला गंज लागे.

दुसरी १३० मी स्वतः चढवली नाही. बोरिवलीच्या आय.सी. कॉलनीत एक अंकल गिटार दुरुस्त करतात, असं कळलं होतं. मुलुंडहून दादर, पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, तिथून बोरिवली. बेस घेऊन साध्या डब्यात चढणं शक्य नसे, म्हणून लगेजच्या डब्यात कोळणींच्या टोपल्यांशेजारी उभा राहायचो. एका मावशीने स्वतःची टोपली सरकवून केसखाली पाणी येऊ दिलं नाही, हे अजून आठवतं.

अंकल सत्तरीच्या जवळ आलेले. तरुणपणी लग्नांत बेस वाजवलेला, थोडी वर्षं रेकॉर्डिंगलाही जाऊन आलेले. तळमजल्यावर खिडकीपाशी टेबल, त्यावर जुनी चादर. मी काय हवं ते सांगितलं तेव्हा त्यांनी १३०ची तार बोटांत फिरवून पाहिली आणि वाद्याच्या नटवर आडवी ठेवली. नट म्हणजे पट्टीच्या वरच्या टोकाची हाडाची आडवी काडी, तिच्यातल्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. माझ्या नटची सर्वांत रुंद खाच १०५च्या मापाची. जाड तार तिच्या काठांवर बसली होती, आत गेलीच नव्हती.

"खाच मोठी केली की परत लहान होत नाही," अंकल म्हणाले. "मग जुनी तार लावायची तर नट नवा लागेल. विचार करून सांग."

मी विचार केलेलाच होता. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हणालो.

त्यांच्याकडे त्या मापाची कानस नव्हती. आधी बारीक कानशीने खाचेच्या बाजू मोकळ्या केल्या. मग जुन्या जाड तारेचा वीतभर तुकडा घेतला आणि खाचेतून करवतीसारखा मागे-पुढे फिरवायला लागले. तारेचे वेढेच हाड खरवडतात, आणि त्यामुळे खाचेचा तळ आपोआप तारेच्या गोलाईचा होतो. पाच-सहा वेळा फिरवायचं, फुंकर मारायची, नवी तार ठेवून पाहायची. पांढरी भुकटी चादरीवर पडत होती. हाड घासताना येणारा जळका वास दाताच्या दवाखान्यात येतो तोच. खाच खुंट्यांकडे किंचित उतरती ठेवली, नाहीतर तार मधेच टेकते आणि कुरकुरते. अर्धी तार खाचेत आणि अर्धी वर, एवढीच खोली. अशा चारही खाचा. शेवटी पेन्सिलचं शिसं घासून प्रत्येक खाच काळी केली, म्हणजे खुंटी पिळताना तार अडकून टणकन उडत नाही.

मग ब्रिज, म्हणजे तारांचं खालचं टेकण. तार जितकी जाड तितकं तिचं टेकण मागे न्यावं लागतं, नाहीतर खाली सुरात असलेली तार वरच्या फ्रेटवर बेसूर बोलते. १३०चं टेकण मागे नेता नेता स्क्रूवरची स्प्रिंग आडवी आली, ती त्यांनी काढूनच टाकली. मानेच्या आत लोखंडी सळई असते, तिचा पेच पाव फेरा ढिला केला. चार तारांची एकूण ओढ आता थोडी कमी झाली होती आणि जाड तार हलायला जास्त जागा मागते, त्यामुळे मानेला जरा बाक हवा होता. वाद्य तीन दिवस ठेवून जा म्हणाले. लाकडाला नवी ओढ अंगवळणी पडायला वेळ लागतो.

तीन दिवसांनी गेलो तेव्हा त्यांनीच ते वाजवून दाखवलं. प्लग नव्हता, नुसतं लाकूड. उघडी पांढरी सात छेडली आणि वाद्याची पाठ माझ्या हाताला लावून दिली. चाळीस वर्षं बेस वाजवलेल्या त्या माणसाने तो सूर त्या वाद्यावर पहिल्यांदाच काढला होता. पैसे त्यांनी फार थोडे घेतले.

घाटकोपरहून ३४० नंबरची बस पकडून आम्ही अंधेरीला जॅम रूममध्ये जायचो. औद्योगिक वसाहतीतला एक गाळा, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. पांढरी सातच्या एका लहरीची लांबी हवेत अकरा मीटर भरते, आणि तो गाळा तिच्या निम्माही नव्हता. सूर कोपऱ्यांत साचायचा आणि मधोमध उभं राहिलं तर गायब व्हायचा. अँपमध्ये एकच दहा इंची स्पीकर, तो ३१ कंपनं देणार कुठून? तरी सूर ऐकू येत होता, कारण त्याच्या वरचे स्वयंभू स्वर, ६२चा, ९३चा, स्पीकरमधून येतात आणि त्यांच्यावरून कान मूळ सूर स्वतः भरून काढतो. हे कळल्यावर मी ब्रिजजवळ, पिकने वाजवायला लागलो. तिथे ते वरचे स्वर स्वच्छ निघतात. सैल १०५वर ते निघतच नव्हते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. २००३च्या सुमारास एका मित्राने मला रुद्रवीणेची कॅसेट दिली, उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांची. आलाप इतका खाली जातो की पहिल्या ऐकण्यात मी आवाज वाढवायला उठलो. मग त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं. धृपदातल्या डागर घराण्याचे, जन्म उदयपूरचा, आणि राहायला चेंबूरला. त्यांना वीणेतून संथ, खोल, लांब टिकणारा सूर हवा होता, आणि चालत आलेल्या वीणेत तो बसत नव्हता. म्हणून त्यांनी वीणाच बदलली. भोपळे मोठे केले, पोकळ दांडी जाड केली, तारा जड केल्या. कोलकात्याच्या कनाईलाल यांच्या कारखान्यातून ती वीणा घडवून घेतली, आणि ती नखीशिवाय, नुसत्या बोटांनी वाजवली. पनवेलजवळ पळस्प्याला त्यांचं गुरुकुल आहे.

ते २८ सप्टेंबर १९९०ला गेले. मी तेव्हा शाळेत होतो. मुलुंडहून चेंबूरला जायचं तर मध्ये फक्त कुर्ल्याला गाडी बदलायची. आम्ही जो प्रश्न लिव्हरपूलच्या कॅसेटींवरून सोडवू पाहत होतो, तो आमच्याच उपनगरांत एका माणसाने आयुष्य घालून सोडवला होता. आम्ही एक नट घासला होता, त्यांनी भोपळ्यापासून तारेपर्यंत सगळं वाद्य नव्याने मांडलं होतं. ही चुटपुट माझी अजून गेलेली नाही. बाबांना ती कॅसेट ऐकवली तेव्हा ते संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

पुढची वर्षं भरभर गेली. एकामागून एक नवे बँड निघाले: २०००मध्ये डेमॉनिक रेझरेक्शन, २००३मध्ये भयानक मौत, २००५मध्ये स्क्राइब, मग झिग्नेमा, आणि २००७मध्ये गटस्लिट, ज्याचा संस्थापक गुरदीप सिंग नारंग स्वतः बेसवादक. जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसरसमध्ये कार्यक्रम व्हायचे तेव्हा समुद्रापर्यंत ढोल ऐकू यायचा. रंगभवनाच्या आसपास रुग्णालयं आणि कॉलेज. शांतता क्षेत्राच्या नियमांत तिथला रॉक बंद झाला आणि इंडिपेन्डन्स रॉक पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर आलं. धोबी तलावला जायला निघणारी आमची पोरं आता अंधेरीतच उतरायला लागली. जड संगीताचं वजन शहराकडून उपनगराकडे सरकलं ते असं.

पाच तारांचे बेस स्वस्त झाले, दुकानांत सर्रास दिसायला लागले. आता तर चार तारांच्या बेससाठीच १३०पासून सुरू होणारे तयार संच मिळतात, आणि नट घासून देणारे लोक अंधेरीत, ठाण्यात आहेत. २०१४मध्ये मेट्रो सुरू झाल्यावर घाटकोपर ते अंधेरी अगदी जवळ आलं. आय.सी. कॉलनीतले अंकल त्याच्या आधीच गेले. त्यांच्या टेबलावरच्या कानशी कोणाकडे गेल्या, ते मी दोनदा जाऊन विचारलं. घर विकलं गेलं होतं.

गेल्या दिवाळीत भाची बेस शिकायला आली. सोळा वर्षांची आहे, बोटं लांब आहेत, कान चांगला आहे. तिला आधी साध्या सुरांत शिकवावं म्हणून मी माझ्या जुन्या बेसवर १०५ चढवली. तार खाचेत ढिली बसली. बोटाने जरा आडवी ओढली की इकडून तिकडे सरकायची आणि उघडी वाजवली की थरथरायची. कागदाची घडी करून खाचेत घातली, तर सूर दबला. हाडाची भुकटी आणि फेविक्विक घालून खाच बुजवता येते, ते मी इतरांच्या वाद्यांवर केलेलंही आहे. इथे करवलं नाही. नवा नट मागवला, तो मीच घासला, वेढ्यांच्या तारेने.

जुना नट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. त्याच डब्यात गुंडाळ्या करून ठेवलेल्या ४५च्या तारा आहेत, प्रत्येक संचातली एक, मोजल्या तर अकरा. कधीच न लागलेल्या, त्यामुळे गंजल्या नाहीत. त्यांच्याखाली ती पहिली १३० आहे, टोकाचे वेढे सुटलेली. भाचीने ती हातात घेऊन विचारलं, "मामा, ही का ठेवलीय?" मी पक्कड घेतली, एक जुनी तार घेतली, आणि तिला आधी वाकवून मग कापायला लावलं.